क्लासिक होण्याच्या तीन अटी

जगातली कोणती वस्तू खरोखर चांगली आणि कोणती नुसतीच नवी, हे सांगण्याचा अधिकार फक्त एका माणसाला आहे, आणि तो माणूस दिग्रसला आमच्या घरासमोर गळ्यात टेप अडकवून बसतो. हे माझं मत नाही, त्याच माणसाचं आहे. पण लहानपणापासून रोज ऐकत आल्यामुळे आता मलाही ते अर्धंमुर्धं पटायला लागलं आहे. सगळी गल्ली त्यांना क्लासिककाका म्हणते. त्यांचं खरं नाव त्यांच्या रेशनकार्डावर असेल, आणि काकूंना रागावल्यावर आठवत असेल. बाकी कोणाला त्याची गरज पडलेली नाही, कारण दुकानाच्या पत्र्यावर लाल अक्षरांत 'न्यू क्लासिक टेलर्स' असं लिहिलेलं होतं आणि काका त्या पत्र्याच्या बरोबर खाली, त्याच्याच एखाद्या भागासारखे बसत. मी शाळेतून यायचे तेव्हा ते मशीन थांबवून हाक मारायचे, "काय वं कॉन्व्हेंट, काय शिकोलं आज?" आमच्याकडे इंग्रजी शाळेचं नाव काहीही असलं तरी ती कॉन्व्हेंटच असते, आणि तिथे जाणाऱ्या मुलीला दुसरं नाव लागत नाही. मी मान खाली घालून "काही नाही" म्हणायचे आणि पळायचे. इतकी वर्षं मी त्यांच्याशी फारसं बोलले नाही. पण न बोलणाऱ्या माणसाला बघायला भरपूर वेळ मिळतो.

आता नवं आणि क्लासिक एकाच पत्र्यावर कसं, हा प्रश्न मला सहावी-सातवीतच पडला होता. त्याचं उत्तर असं की, गावात आधी एक नुसतं 'क्लासिक टेलर्स' होतं. ते बसस्टँडजवळ होतं आणि ते उस्तादांचं होतं. काका तिथे काजं-बटणं करायला लागले आणि तिथेच कारागीर झाले. उस्तादांचं नाव घेताना ते अजूनही दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावतात. हातात कात्री असली तर कात्रीसकट लावतात आणि समोरचं गिऱ्हाईक मागे सरकतं. स्वतःचं दुकान काढताना काकांनी उस्तादांना नाव विचारलं. उस्ताद म्हणाले, "नाम मेरा ले जा बेटा, मगर आगे न्यू लगा. जिस दिन लोग तेरे हाथ का कपड़ा फेंकने को ना बोलेंगे ना, उस दिन न्यू निकाल देना." उस्ताद जाऊन आता खूप वर्षं झाली. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. लोक काकांना म्हणायचे, आता कोण अडवतंय, काढून टाका ते न्यू. काका म्हणायचे, "उस्तादनं सांगतलं ते झालं का? नाही ना झालं? मंग!"

उस्तादांनी एकच अट घातली होती. पण काकांना एका अटीत समाधान वाटेना म्हणून त्यांनी तिला आणखी दोन जोडल्या आणि त्या जगातल्या सर्व वस्तूंना लागू केल्या. "बनवणारा गेला पाह्यजे. वापरणारा गेला पाह्यजे. आन् तरी घरच्याइले ते फेकवलं नाही पाह्यजे. तवा त्याले म्हणाचं क्लासिक." हा कायदा मोडणाऱ्यांवर त्यांची कडक नजर असे. समोरच्या टपरीवर कॉलेजची मुलं उभी राहून वडा खायची आणि त्यांच्यातला एखादा तोंड भाजत म्हणायचा, "क्लासिक!" की काका टेपसकट रस्ता ओलांडून हजर.

"कवाचा वडा हाय बे?"

"आत्ताचा, काका."

"मंग गरम म्हण ना. क्लासिक काहून म्हणतं?"

"छान झाला म्हणून म्हणलं."

"छान झाला तं छान म्हण. तुह्या पोटात गेल्यावर राहते का तो? बरं, वडेवाला तं जित्ता हाय!"

यावर वडेवाला झाऱ्या उचलून म्हणायचा, "काका, मले कायले मारता सकाळी सकाळी?" आणि काका त्याला अगदी मनापासून सांगायचे, "तुले नाही रे बापा, नियम सांगून राह्यलो." एका क्रिकेटच्या सामन्यात समालोचक दर षटकाला 'क्लासिक' म्हणत होता तेव्हा काकांनी टीव्हीच बंद केला होता. दुकानात सामना बघायला जमलेली माणसं हळहळत घरी गेली. काकू आतून म्हणाल्या, "बरं झालं, गर्दी तं गेली."

काकांची दुसरी खासियत म्हणजे ते डावखुरे आहेत. शिंप्याची मोठी कात्री ही उजव्या हातासाठी घडवलेली असते. ती डाव्या हाताने चालवायची म्हणजे स्वतः अर्धं वळून बसावं लागतं, त्यामुळे कापड कापताना काका कोणाशी तरी भांडून तोंड फिरवल्यासारखे दिसतात. त्यांची तुरपाईही उलटी असते. बाकीच्या शिंप्यांचे टाके एका बाजूला कलतात, काकांचे बरोबर दुसऱ्या बाजूला, वाऱ्याने दिशा बदलल्यावर पावसाची झड कलते तसे. एकदा आईने माझा कुर्ता खाली सोडायला दिला, तेव्हा त्यांनी तो उलटा करून मला बळेच दाखवला होता. "पाय. उभ्या महाराष्ट्रात असा टाका कोणाचा नाही. हे माही सही हाय. चेकवर खोटी सही मारता येते, तुरपाईत येत नाही." मी मान हलवली. मला त्या वयात स्वतःच्या कुर्त्याची आतली बाजू भर रस्त्यात अशी फडकवलेली बघण्यापेक्षा जमिनीत गडप व्हायला आवडलं असतं. पण टाका मात्र लक्षात राहिला.

तिसरी खासियत सांगायची तर ती गावाला त्रास देणारी आहे. आपलं एकतरी कापड कोणी जपून ठेवलंय का, हे शोधण्यासाठी काका माणसांना आतून तपासतात. लग्नाच्या स्टेजवर नवरानवरीला आहेर द्यायला जातात आणि वरबापाची कॉलर उलटी करून येतात. बसस्टँडवर अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवतात. तो माणूस ओळखीचं हसेपर्यंत यांचं बोट त्याच्या शिवणीवरून फिरून झालेलं असतं. "आपलं नोय," म्हणून ते निघून जातात आणि तो माणूस दिवसभर खिसे चाचपत बसतो.

मलाही त्यांनी एक कोट शिवून दिला आहे. माझी मुलाखत होती, आणि आईने ही बातमी गल्लीला दिली. ते खरं तर जेन्ट्स टेलर. पण "कॉन्व्हेंटले रेडिमेड घालू देत नाही" असं त्यांनी जाहीर केलं आणि लांबूनच डोळे बारीक करून माझं माप घेतलं. माझ्या लाजाळूपणाची त्यांनी ठेवलेली ही बूज असावी, पण कोटाला ती सोसली नाही. त्याची कॉलर हत्तीच्या कानांएवढी, बाह्या बोटांपर्यंत, आणि शिवणीत दोन्ही बाजूंनी इतकी माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडलेली की त्या कोटात मी आणखी एक मैत्रीण घेऊन बसू शकले असते. "काका, मी आता वाढणार नाही," असं मी म्हटलं. त्यांच्याशी बोललेल्या माझ्या सर्वांत लांब वाक्यांपैकी ते एक. "कापडात माया सोडाच लागते वं," ते म्हणाले. "आज नाही तं उद्या कामी पडते." मुलाखत ऑनलाइन होती, पडद्यावर फक्त कॉलर दिसली. नोकरी लागली. ती कोटामुळे की कोट असूनही, ते मी कोणाला विचारलं नाही.

नोकरी घरूनच करायची होती. मी खिडकीत लॅपटॉप घेऊन बसायला लागले, आणि समोरच्या दुकानातून ते काकांना स्वच्छ दिसायला लागलं. एक दिवस ते दाराशी येऊन उभे राहिले. "त्या डबड्यात पाय बरं, हा क्लासिक शब्द आला कुठून? उस्तादले बी मालूम नव्हतं. त्यांनी एका साबणाच्या डब्यावर पाह्यला आन् दुकानाले देऊन टाकला." मी शोधून सांगितलं. जुन्या रोममध्ये मालमत्तेप्रमाणे लोकांचे वर्ग पाडले होते. ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त, ते वरच्या वर्गातले, आणि त्यांना या शब्दाने ओळखत. कोणी किती कर द्यायचा, लढाईत कोणी काय शस्त्र आणायचं, ते त्या वर्गांवर ठरायचं. पुढे एका लेखकाने लिहून ठेवलं की चांगला ग्रंथकार तसाच वरच्या वर्गातला मानावा. तिथून तो शब्द पुस्तकांना लागला, मग जी जुनी पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात त्यांना, मग चित्रांना, गाण्यांना, मोटारींना आणि शेवटी साबणाला.

काकांनी यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं. "म्हंजे टॅक्सवाले?" त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून चौकातल्या सीएकडे गेले आणि आपल्याला टॅक्स भरायचा आहे म्हणाले. सीएने त्यांचं उत्पन्न विचारलं आणि पेन खाली ठेवलं. "काका, तुमचं उत्पन्न टॅक्समध्ये बसत नाही." "मंग बसवा ना! तुमाले फी कायची देतो?" सीएने त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं की एवढ्या वर्षांत अशी मागणी घेऊन आलेला माणूस त्याने पाहिला नव्हता. हे काकांनी कौतुक समजून घेतलं. पण ते दोन दिवस उदास होते, म्हणून मी आणखी खोदून काढलं आणि त्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं की त्या वर्ग शब्दाच्याही मागे गेलं तर त्याचा सगळ्यात जुना अर्थ 'बोलावणं' असावा, असं काही जाणकार मानतात. लढाईसाठी हाक आली की जे यायचे, ते.

काका मशीनवर हात ठेवून विचार करत बसले. "हे बरोबर हाय," ते शेवटी म्हणाले. "आपण पत्रा लावून बसलो तं ते क्लासिक नाही. बोलावणं आलं पाह्यजे."

आणि नेमकं त्याच सुमारास रस्ता रुंद व्हायला लागला. सगळ्या दुकानांचे पत्रे उतरले आणि काकांचा पत्रा उतरताना मधून मोडला. नवा बोर्ड रंगवायला पेंटर आला. त्याने शिडी लावली, ब्रश बुडवला आणि विचारलं, "काका, न्यू ठेवू का काढू?" एरवी काकांनी क्षणभरही विचार केला नसता. पण त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, सुई ओवता येत नव्हती, आणि पुण्याचा मुलगा दर फोनला 'आता बंद करा' म्हणत होता. पेंटर सहज म्हणाला, "आता हा बोर्ड शेवटचाच समजा." काका शिडीचा पाय धरून उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. शेवटच्या बोर्डावरही आपण न्यूच राहणार, ही गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पोचताना मला दिसली.

"जागा सोड," ते म्हणाले. "बाकीचं लिव. न्यूची जागा कोरी ठेव. म्या पाहून सांगतो."

"काय पाहून?"

"माहा एखादा कपडा कोणी जपला काय ते."

पेंटरने ब्रश हवेतच थांबवला. "पण काका, तुमच्या नियमात तं बनवणारा मेला पाह्यजे ना? मंग तुमच्या हयातीत हा बोर्ड पुरा होत नाही."

"बोर्डाले उस्तादची एकच अट हाय. त्या दोन माह्या हायेत, त्या जगासाठी हायेत," काका म्हणाले. पेंटरने मान डोलावली आणि डावीकडे मोकळी जागा सोडून 'क्लासिक टेलर्स' रंगवून टाकलं. तो बोर्ड पुढचा दात पडल्यासारखा दिसायला लागला. येणारेजाणारे विचारत, "काका, इकडे काय येणार?" काका म्हणत, "तपास चालू हाय."

तपास माझ्या स्कूटीवरून चालला. म्हणजे काकूंनी येऊन आईला सांगितलं की एका डोळ्याने हा माणूस ट्रकखाली जाईल, आणि आईने माझ्याकडे बघितलं. पहिली खबर एका निवृत्त गुरुजींच्या सफारी सूटची होती. गुरुजी वारले होते. त्यांच्या मुलाने आम्हाला शेतावर नेलं. तुरीच्या मधोमध गुरुजींचा सफारी उभा होता. आत दोन काठ्या आणि वर मडकं. काका त्या बुजगावण्याजवळ गेले आणि त्याची कॉलर उलटी केली. "आपला हाय!" ते ओरडले. मग त्यांनी बाह्या ओढून पाहिल्या, काजं पाहिली, खिशात हात घालून पाहिला. "पाय, किती ऊन-पाऊस खाल्लं असंन, एक टाका उसवला नाही!"

मुलगा म्हणाला, "हाव ना काका, मजबूत हाय. बाबाइनं एकदाच घातला होता. काखेत लय काचे म्हणत."

परतताना मी स्कूटी हळूच चालवत होते. मग मागून आवाज आला, "टिकला तं हाय." मी एक खड्डा चुकवला. "पण कोणी टिकवला नाही," त्यांनीच पुढे म्हटलं, "तो आपल्या मनानं टिकला." त्यानंतरचे दोन-तीन पत्तेही असेच निघाले. एका पॅन्टची दळणाची पिशवी झाली होती, एक शर्ट कूलर पुसत होता. माझ्या बाबांनी लग्नातला सूट कुठे आहे ते सांगायलाच नकार दिला, आणि आईने स्टीलच्या डब्यांच्या फळीकडे इतक्या घाईने पाठ केली की तो जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडीवालीकडे गेल्याचं काकांना न सांगता कळलं.

आणि मग यवतमाळहून बोलावणं आलं. अक्षरशः, फोन आला. काकांनी फोन स्पीकरवर टाकून तो रस्त्याकडे धरला. पलीकडे एक बाई बोलत होत्या. त्यांचे वारलेले सासरे पूर्वी दिग्रसला कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर होते. त्यांचा लग्नातला बंद गळ्याचा काळा कोट घरात अजून होता. त्या घरात रीतच पडली होती की नवरदेव लग्नाला निघण्याआधी मारोतीच्या दर्शनाला जाईल तो तोच कोट घालून. मग तो बारीक असो की जाडा. आता बाईंच्या मुलाचं लग्न होतं आणि त्याला कोट होत नव्हता. "आमचा कोट तुमच्या उस्तादजींच्या हातचा आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला मी कात्री लावू देणार नाही. त्यांचे शागीर्द म्हणून तुम्हीच या."

काकांनी फोन ठेवला आणि माझ्या खिडकीकडे बघून ओरडले, "ए कॉन्व्हेंट! बोलावणं आलं!" मग जरा थांबून म्हणाले, "उस्तादले आलं. मी त्यांच्या वतीनं जाऊन राह्यलो."

सुई ओवायला माणूस हवा म्हणून मी रविवारी त्यांच्याबरोबर एसटीने यवतमाळला गेले. बाईंचा बंगला एका नव्या ले-आउटमध्ये होता. हॉलमध्ये पत्रिकांचे गठ्ठे आणि मिठाईचे खोके पडले होते, आणि कोट सोफ्यावर एकटाच बसला होता. शेजारी कोणी बसू नये म्हणून बाजूला उशी. नवरदेव मुलगा भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. तो माझ्याच वयाचा, पुण्याला नोकरी करणारा आणि चांगला गुटगुटीत होता. "आई, मी शेरवानी घेतली आहे," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "मंदिरात दहा मिनिटांसाठी हे कशाला?"

"दहा मिनिटांसाठीच," बाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी घातला, तुझ्या काकांनीही घातला. तुला काय टोचतो?"

"टोचत नाही. घुसत नाही."

काकांनी आधी कानाच्या पाळ्यांना हात लावले. मग कोट मांडीवर घेतला, मला म्हणाले, "अस्तर धर," आणि त्यांनी कडेची शिवण उसवल्यावर ते मी उघडून धरलं. आत, इतक्या वर्षांत कोणीही न बघितलेली तुरपाई होती, अस्तराच्या कडेने ओळीने गेलेली. बारीक, एकसारखी. आणि उलटी. सगळे टाके दुसऱ्या बाजूला कललेले.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी तोपर्यंत चष्मा कपाळावर चढवला होता आणि ऑपरेशन झालेला डोळा टाक्यांना जवळजवळ चिकटवला होता. त्यांचं बोट त्या ओळीवरून एकदा पुढे गेलं, एकदा मागे आलं. मग त्यांनी गळ्यातला टेप काढून उगाचच हातावर गुंडाळला.  मला समोर दिग्रसचा तो बोर्ड दिसत होता, आणि त्यावरची कोरी जागा.

मुलाने तेवढ्यात मोबाइल खाली केला. "काका, एक विचारू? हा खरंच त्यांनीच शिवला आहे का? म्हणजे घरात सगळे म्हणतात, पण प्रूफ काय? त्यांचा नसेल तर आई, विषय संपला. जुना कोट आहे, देऊन टाकू."

"काहीतरी बोलू नको," बाई म्हणाल्या; पण त्यांनीही काकांकडे बघितलं. "तुम्हीच सांगा याला. तुम्ही हात ओळखता."

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी अस्तर घट्ट धरलं आणि दोऱ्याच्या रिळाकडे बघत राहिले. गप्प राहणं ही एकच गोष्ट मला आयुष्यात चांगली जमते.

"उस्तादचाच हात हाय," काका म्हणाले. "शंभर टक्के."

आणि मग, एकदा सुरू झाल्यावर, त्यांना थांबता येईना. असा हात पुन्हा होणे नाही, म्हणाले. टाका पाहा, म्हणाले, मशीनलाही असा पडत नाही. गळा पाहा, बसला की कसा मोरासारखा बसतो. हे शिवणारा माणूस साधा नव्हता, त्याला पुढचं दिसत होतं. नाहीतर शिवणीत एवढी माया कोण सोडतं? "कोण्या जाड्या नातवासाठी सोडली असंन बापा, ज्याचा अजून पत्ता बी नव्हता!" मुलाला हसू आलं. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी सुई ओवून देत होते आणि काका स्वतःचं इतकं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच पोटभर करून घेत होते, तेही कानाच्या पाळ्यांना हात लावून लावून. कोट मोकळा झाला तेव्हा मुलाने तो घातला, आरशासमोर उभा राहिला, वळला, पुन्हा उभा राहिला आणि म्हणाला, "तसा वाईट नाही." मग त्याने मोबाइल काढून फोटो घेतला.

परतीच्या एसटीत काका खिडकीशी बसले. बाईंनी दिलेला चिवड्याचा पुडा मांडीवर होता. वाटेतलं आर्णी मागे पडेपर्यंत मी वाट बघितली. मग मी, जिला दुकानात चुकीचे सुटे मिळाले तरी बोलता येत नाही, त्यांना सरळ विचारलं, "काका, तो कोट तुम्ही शिवला होता ना?"

"तुले कसं समजलं?"

"टाका उलटा होता."

ते खूश झाले. खूश झालेले लपवता येईनात म्हणून त्यांनी चिवड्याचा पुडा उघडला. "उस्तादले टायफाइड झालता," ते म्हणाले. "मॅनेजरचं लग्न तोंडावर. कटिंगबी म्याच केलं, शिलाईबी म्याच केली. उस्तादनं खाटेवरून पाह्यला आन् म्हणे, दे दो. म्या तं भुलूनच गेलतो वं. उस्तादचा कोट, उस्तादचा कोट, सारे म्हणत, म्या बी तेच म्हणत गेलो."

"मग सांगितलं का नाही? उस्तादांची अट पूर्ण झाली की. लोकांनी फेकला नाही. बोर्डावरचं न्यू निघालं असतं."

काकांनी मूठभर चिवडा माझ्या हातावर ठेवला. "उस्तादचा हाय म्हणून नाही फेकला. माहा असता तं तुह्या बाबाच्या सूटासारखा कवाचाच भांडीवालीकडे गेला असता." मी ओशाळले. ते पुढे म्हणाले, "हिशोब सोपा हाय. उस्तादनं शिवला तं बनवणारा गेला, घालणारा गेला, फेकवत नाही. तिन्ही अटी पुऱ्या. क्लासिक. म्या शिवला तं म्या जित्ता हाय ना अजून! मंग तो नुसता जुना कोट. कायले त्या बाईचा क्लासिक जुना करू?" त्यांनी पुडा मिटला. "आन् उस्तादचं आता गावात हाय तरी काय? दुकान बी नाही."

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. काकांनी त्याला 'न्यू' लिहायला सांगितलं, आणि तेही बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठं. जागा पुरली नाही म्हणून ते जरा तिरपं आलं आहे, डाव्या बाजूला कललेलं. काकूंनी नावं ठेवली. काकांनी खुर्ची रस्त्यात टाकून ते समोरून पाहिलं आणि "छान झालं" एवढंच म्हटलं. क्लासिक म्हटलं नाही, कारण पेंटर जिवंत होता.

माझा कोट कपाटात आहे. तो मी मुलाखतीनंतर एकदाही घातला नाही आणि घालेन असं वाटत नाही. परवा आईने दिवाळीची आवराआवर काढली, भांडीवाली दारात बसली होती, आणि आईने तो कोट गठ्ठ्यावर ठेवला. मी तो उचलून परत आत नेऊन टांगला. आतली तुरपाई एकदा बघितली. तीन अटींपैकी एक तर पूर्ण झाली आहे, मला तो फेकवत नाही. उरलेल्या दोन अटींपैकी एक माझ्याकडे आहे आणि एक समोरच्या दुकानात, मान फिरवून कापड कापते आहे. त्या दोन्हींची मला मुळीच घाई नाही. कोट आपला जुनाच राहू दे.